वाहतूक आणि वर्दळ : शहरातील हमरस्त्याच्या पुनर्रचनेचा विचार

शहरातील एखादा मोठा रस्ता 'सुधारावयाचा' असे ठरले, म्हणजे मराठीत आजवर एकच शब्द पुढे येत असे. तो म्हणजे 'रुंदीकरण'. त्यापाठोपाठ हल्ली 'सुशोभीकरण' हा दुसरा शब्द रूढ झाला आहे. या दोन शब्दांनी रस्त्याविषयीचा सारा सार्वजनिक विचार आपसांत वाटून घेतला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पहिला शब्द वाहनांसाठी जागा मागतो, दुसरा पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी काही सजावट मागतो. जो मनुष्य त्या रस्त्याने पायी जातो, त्याच्या सुरक्षिततेचा व सावलीचा उल्लेख या दोहोंपैकी कशातच नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांतून रस्त्यांच्या पुनर्रचनेचा जो नवा विचार रुजू पाहत आहे, त्याचे स्वरूप स्पष्ट करणे आणि जालन्यासारख्या शहराच्या संदर्भात त्याचा अर्थ काय होतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी दोन शब्दांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'वाहतूक' हा शब्द वाहण्याशी, म्हणजे माल अथवा माणसे वाहून नेण्याशी निगडित आहे. आजच्या वापरात त्याचा संबंध जवळजवळ सर्वस्वी वाहनांशी जडला आहे. 'वाहतुकीची कोंडी झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा मोटारी, ट्रक व रिक्षा खोळंबल्या असा अर्थ होतो. रस्ता ओलांडण्यासाठी कडेला ताटकळत उभी असलेली वृद्धा त्या कोंडीत मोजली जात नाही. याउलट 'वर्दळ' हा शब्द पाहावा. वर्दळ माणसांची असते, गुरांची असते, गिऱ्हाइकांची असते, गाड्यांचीही असते. रस्त्यावरील येण्याजाण्याचा सर्व व्यवहार त्यात सामावतो. अभियांत्रिकीच्या गणनापद्धतीत हाच भेद आकड्यांच्या रूपाने अवतरला आहे. रस्त्याची क्षमता ठरविताना प्रत्येक वाहनाचे 'मोटार-एककां'त रूपांतर करतात. सायकल, बैलगाडी, बस, ट्रक यांना त्यांची त्यांची किंमत लाभते, परंतु पायी चालणाऱ्यास या कोष्टकात स्थान नाही. जे मोजलेच जात नाही, त्यासाठी जागा राखली जात नाही, हे ओघानेच आले.

असे नेहमीच होते असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणी निरनिराळ्या मार्गांच्या रुंदी दिल्या आहेत. राजमार्गास आठ दंड, रथपथास पाच अरत्नी, पशुपथास चार अरत्नी आणि लहान पशू व मनुष्ये यांच्या मार्गास दोन अरत्नी असे ते मान आहे. अरत्नी म्हणजे चोवीस अंगुळे, स्थूलमानाने दीड फूट. म्हणजे मनुष्याच्या वाट्यास सुमारे तीन फूट आले. शेळ्यामेंढ्यांबरोबर का होईना, मनुष्याच्या चालण्याला येथे स्वतंत्र माप आहे. भारतीय रस्ते महासभेने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पदपथावरील निर्वेध चालण्याची किमान रुंदी १.८ मीटर सांगितली होती, म्हणजे कौटिल्याच्या मापाच्या साधारणतः दुप्पट. प्रश्न मापाच्या अभावाचा नाही. ते माप प्रत्यक्षात उतरण्याचा आहे.

या बाबतीत पुण्यातील जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण फार बोधप्रद आहे. कारण 'चांगला रस्ता' या संकल्पनेची दोन निरनिराळी रूपे या एकाच रस्त्यावर, चाळीस वर्षांच्या अंतराने, साकार झाली आहेत. पहिले रूप १९७६ सालचे. त्यापूर्वीच्या पावसाळ्यांत पुण्यातील रस्त्यांची दुर्दशा झाली होती. तेव्हा पुणे महानगरपालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने हे काम मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीस देण्यात आले. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली, आणि १ जानेवारी १९७६ रोजी रस्ता पूर्ण झाला. हमीचा काळ उलटून गेल्यावर पुढे अनेक पावसाळे या रस्त्यावर खड्डे पडले नाहीत, ही गोष्ट पुणेकरांच्या बोलण्यात आजही येते. येथे चांगल्या रस्त्याची कसोटी त्याच्या पृष्ठभागाची होती : पाया मजबूत असावा, डांबरमिश्रण योग्य उष्णतेवर घातलेले असावे, पाणी साचू नये.

दुसरे रूप २०१६-१७ मधील. महानगरपालिकेने २०१६ साली नागरी रस्त्यांच्या आखणीविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, आणि त्याच सुमारास या रस्त्याच्या पुनर्रचनेस आरंभ झाला. या वेळी कसोटी पृष्ठभागाची नव्हती, छेदाची होती. म्हणजे एका कडेच्या इमारतीपासून दुसऱ्या कडेच्या इमारतीपर्यंत रस्ता आडवा कापून पाहिल्यास कोणाच्या वाट्यास किती जागा येते, हा प्रश्न पुढे आला. या दृष्टीने पाहता असे आढळते की, अनेक रस्त्यांवर वाहनमार्गाची रुंदी ठिकठिकाणी कमीजास्त असते. जेथे तो अधिक रुंद असतो तेथील जादा जागा वाहनांच्या वेगास उपयोगी पडत नाही, कारण पुढे मार्ग पुन्हा अरुंद होतो. ती केवळ अस्ताव्यस्त उभ्या केलेल्या गाड्यांनी भरते. वाहनमार्ग सर्वत्र एकसारख्या रुंदीचा केला, की ही विखुरलेली जागा गोळा होते, आणि तीतून रुंद पदपथ, सायकलमार्ग, बसावयाचे बाक, झाडांच्या बुंध्यांभोवती मोकळी माती, मुलांच्या खेळण्याच्या जागा निघू शकतात. जंगली महाराज रस्त्यावर हे घडले. पाताळेश्वराची लेणी, संभाजी उद्यान, बालगंधर्व रंगमंदिर या स्थानांमुळे तेथे पायी येणाऱ्यांची वर्दळ मूळचीच होती. तिला बसण्याउठण्यास जागा मिळाली. या प्रयोगात उणिवा राहिल्या नाहीत असे नाही. पदपथावर दुचाकी चढणे व सायकलमार्गावर गाड्या उभ्या राहणे हे प्रकार तेथेही दिसतात. तथापि रस्ता न रुंदावता रस्ता सुधारता येतो, एवढे त्याने सिद्ध केले.

या पुनर्रचनेमागील तत्त्वे एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होतील. एखादा हमरस्ता इमारतींपासून इमारतींपर्यंत ३० मीटर रुंद आहे असे समजू. मधोमध २ मीटरांचा दुभाजक, त्याच्या दोहो बाजूंस प्रत्येकी साडेसहा मीटरांचा वाहनमार्ग, त्यापलीकडे अडीच मीटर गाड्या, रिक्षा व बस थांबण्यासाठी, नंतर २ मीटर झाडे, दिवे व विक्रेत्यांसाठी आणि शेवटी ३ मीटर निव्वळ चालण्यासाठी, अशी वाटणी करता येईल. वाहनांच्या दोन-दोन रांगा दोन्ही दिशांना कायम राहतात. मात्र रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी थांबण्याची पट्टी खंडित करून पदपथ पुढे आणला, तर २० मीटर सलग ओलांडण्याऐवजी साडेसहा मीटर ओलांडावयाचे, दुभाजकावर क्षणभर विसावावयाचे आणि पुन्हा साडेसहा मीटर ओलांडावयाचे, असे होते. सेकंदास १.२ मीटर या मध्यम चालीने पहिल्या प्रकारात सुमारे १७ सेकंद माणूस उघड्यावर असतो. दुसऱ्या प्रकारात एका वेळी साडेपाच सेकंदच. वृद्ध, गरोदर स्त्री किंवा हातात लहान मूल असलेली आई यांच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

हे शब्द आलंकारिक नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. धडकेतील आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरांऐवजी ताशी ५० किलोमीटर वेगाने वाहन येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा दीडपट नव्हे, पावणेतीनपटीहून अधिक होते. यास्तव रस्त्याची आखणीच अशी करावी लागते की, चालकाचा वेग आपोआप आटोक्यात राहील : वळणाचे कोपरे आखूड, वाहनांच्या रांगा नेमक्या मापाच्या, ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीस उचललेली. केवळ सूचनाफलक लावून हे साधत नाही.

आता जालन्याकडे वळू. कुंडलिका नदीच्या दोन तीरांवर जुना व नवा जालना असे हे शहर वसले आहे. १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झालेले हे शहर बियाणे व पोलाद यांच्या उद्योगांमुळे वाढले, आणि २०२३ साली तेथे महानगरपालिका स्थापन झाली. याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्या महामार्गावर पादचाऱ्यास प्रवेश नाही. तेथे शुद्ध वाहतूक आहे. शहरातील रस्त्यावर मात्र वर्दळ आहे. या दोहोंस एकच माप लावणे, म्हणजे शहरातल्या रस्त्यास महामार्गाची नक्कल करावयास लावणे, हीच मूळ चूक होय.

जालन्यातील स्थलनामे या संदर्भात लक्षणीय आहेत. 'अंबड चौफुली' या नावातील चौफुली हा शब्द चार रस्त्यांच्या मिलनास चार पाकळ्यांच्या फुलाचे रूप देतो. 'भोकरदन नाका' या नावातील नाका अडवणुकीची, जकातीची आठवण ठेवतो. 'गांधी चमन' यातील चमन हा फारसी शब्द तर हिरवळ व उद्यान यांचाच वाचक आहे. रस्त्यालगतची हिरवाई ही जालन्याला परकीय कल्पना नाही. ती त्याच्या नित्याच्या बोलण्यात आहे.

परंतु ही हिरवाई कोठे असावी, हा प्रश्न शोभेचा नसून भूगोलाचा आहे. जालना सुमारे १९ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, माध्यान्हीचा सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी इमारतींची सावली रस्त्यावर जवळजवळ पडतच नाही; माथ्यावर विस्तारलेले झाडच काय ती सावली देऊ शकते. दुभाजकात लावलेली झुडपे दिसण्यास हिरवी असली, तरी चालणाऱ्यास त्यांचा काहीही उपयोग नाही. झाड पदपथाच्या कडेस हवे, आणि ते कडुलिंब, करंज यांसारखे, या हवेत टिकणारे व पसरणारे हवे. जालन्याला पाणीटंचाईचा अनुभव जुना आहे. म्हणून पावसाचे पाणी थेट गटारात न सोडता झाडाच्या आळ्यात उतरेल, अशी पातळी ठेवणे अगत्याचे आहे. त्यातही काळजी हवी. मराठवाड्यातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. पाणी रस्त्याच्या पायाखाली शिरले तर रस्ता खचतो. सबब झाडाचे आळे व रस्त्याचा पाया यांत आडभिंत घालणे आणि जादा पाण्यास वाट ठेवणे, ही दोन्ही कामे आरंभीच करावी लागतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतण्याची रीत मात्र सर्वथा त्याज्य आहे. तीमुळे मुळांना पाणीही मिळत नाही व हवाही.

येथे एक शंका उपस्थित होते. पदपथ रुंद केल्यास त्यावर 'अतिक्रमण' होईल, मग उपयोग काय? या शब्दाचाच थोडा विचार करावा. अतिक्रमण म्हणजे पाऊल मर्यादेपलीकडे टाकणे. व्यवहारात तो शब्द हातगाडीवाल्यास लावला जातो. पदपथावर चढविलेल्या मोटारीस सहसा लावला जात नाही. वस्तुतः भाजी, चहा, फुले विकणारा माणूस हा वर्दळीचाच घटक आहे. त्याच्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर उजेड व माणसे राहतात, आणि एकट्यादुकट्या स्त्रीस निर्धास्त वाटते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्याच्या उपजीविकेस संरक्षण देऊन विक्रीच्या जागा नेमून देण्याची व्यवस्था केली आहे. आखणीत त्याच्यासाठी झाडांच्या पट्टीत जागा राखली, तर तो चालण्याच्या पट्टीत येण्याचे कारण उरत नाही.

शेवटी हक्काचा प्रश्न राहतो. जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास पायवाट, गाडीवाट, पाणंद आणि शिवरस्ता हे भेद नेमके ठाऊक असतात, आणि 'वहिवाट' हा शब्दही. लोक पूर्वापार चालत आले, म्हणून वाटेवर हक्क निर्माण झाला, ही त्या शब्दामागील भूमिका आहे. ती अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. शेतावर जाण्यास वाटच नसेल, तर बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. शिवारातील चालणाऱ्यास असलेले हे संरक्षण तोच मनुष्य शहरात आला, की गळून पडल्यासारखे होत असे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निर्वेध पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. एका अर्थी शहरी पादचाऱ्याची वहिवाट त्या दिवशी मान्य झाली.

तात्पर्य, रस्त्याची पुनर्रचना हे रंगरंगोटीचे काम नव्हे. मर्यादित जागेच्या न्याय्य वाटपाचे ते काम आहे. ज्या नगरपालिकेच्या ठरावात 'रुंदीकरण' व 'सुशोभीकरण' एवढेच शब्द असतील, तिच्या अंदाजपत्रकातही तेवढ्यासाठीच तरतूद होईल. ठरावात सावली, ओलांडण्याचे अंतर, चालण्याची निर्वेध रुंदी आणि विक्रेत्याची जागा हे शब्द आले, तर त्यांना माप लागेल, मापाला खर्च लागेल, आणि खर्चाला हिशेब द्यावा लागेल. जालन्याची महानगरपालिका नवी आहे. तिच्या ठरावांची भाषा अद्याप घडावयाची आहे.