आधी काय, मग काय

‘दिवाळीला गृहप्रवेश करायचा,’ असं घरमालक म्हणतो तेव्हा त्याला दारावरचं तोरण दिसत असतं. साइट सांभाळणाऱ्याला मात्र दिसतात पाया, स्लॅब, गिलावा, फरशी, रंग अशी साठ-सत्तर कामं, एकमेकांत गुंतलेली. हा गुंता सोडवायला मी प्रोजेक्ट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर शिकलो. शिकताना पहिली चूक झाली ती तारखांची.

पहिल्या घराच्या वेळी मी प्रत्येक कामापुढे सरळ तारीख टाकली. तक्ता देखणा झाला. मग पावसाने स्लॅब पाच दिवस लांबला. तक्त्यात तेवढी एकच ओळ बदलली, बाकीच्या जागच्या जागीच राहिल्या. गिलावा ओला असतानाच रंगारी डबे घेऊन हजर झाला आणि त्याची मजुरी बुडाली. मी योजना केली नव्हती, नुसतं कॅलेंडर भरलं होतं.

आडव्या पट्ट्यांचा हा तक्ता अमेरिकन इंजिनिअर हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने ओळखला जातो. पण पट्टीतून कामाचा काळ कळतो. एक काम दुसऱ्यासाठी का अडलं, ते त्यातून स्वच्छ दिसत नाही. त्यावर १९५७च्या सुमारास ड्यू पॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत बसवली. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तशीच पद्धत वापरात आणली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा किंवा फुकट मिळणारं गँटप्रोजेक्ट, सगळ्यांच्या पोटात हेच गणित आहे.

ते गणित आमच्या गवंड्याला तोंडपाठ होतं. तो म्हणायचा, ‘साहेब, लाइटवाल्याचे पाइप भिंतीत बसल्याशिवाय मी गिलाव्याला हात लावणार नाही.’ सॉफ्टवेअरमधला ‘प्रेडिसेसर’चा रकाना म्हणजे नेमकं हेच वाक्य. तिथे आधीच्या कामाचा क्रमांक टाकायचा. तारीख सॉफ्टवेअर काढतं.

एक छोटं उदाहरण घेऊ. विटांचं बांधकाम १० दिवस, वायरिंगचे पाइप ४, गिलावा ८, फरशी ६. एकामागून एक, एकूण २८ दिवस. दाराच्या फळ्या सुताराकडे पहिल्या दिवसापासून तयार होतायत, त्याला १५ दिवस लागतात. पण त्या बसवायच्या फरशीनंतर. म्हणजे सुताराकडे १३ दिवसांची सवड आहे. त्याला घाई करून गृहप्रवेश एका दिवसानेही अलीकडे येत नाही. वायरिंगवाला मात्र एक दिवस चुकला की गृहप्रवेश एक दिवस पुढे. ही बिनसवडीची साखळी म्हणजेच क्रिटिकल पाथ. मुकादमाने सकाळी पहिला फोन कोणाला करायचा, हे तिच्यावरून ठरतं.

दोन गोष्टी सुरुवातीलाच नीट करून घ्याव्यात. पहिली सुट्ट्यांची. सॉफ्टवेअर मुळात शनिवार-रविवार सुट्टी धरतं. आपल्या साइटवर सुट्टी असते ती आठवडी बाजाराच्या दिवशी, शिवाय गणपती आणि दिवाळीला. ते कॅलेंडर आधी बदलावं. दुसरी काँक्रीटची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू साधारण हवामानात, ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट असेल तर, किमान ७ दिवस ठेवावेत आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, असं ‘आयएस ४५६’ हे भारतीय मानक सांगतं. काँक्रीट सुट्टीच्या दिवशीही घट्ट होत असतं. म्हणून ते दिवस ‘इलॅप्स्ड डेज’ म्हणून टाकावेत. नाहीतर सहा दिवसांच्या आठवड्यात त्या सातांचे किमान आठ होतात.

योजना पक्की झाली की तिची ‘बेसलाइन’, म्हणजे मूळ तारखांची प्रत, जपून ठेवावी आणि दर आठवड्याला खरी प्रगती भरावी. योजना मात्र खुर्चीत बसून होत नाही. दुसऱ्या घराच्या वेळी मी लॅपटॉप उघडण्याआधी गवंडी, लाइटवाला, प्लंबर आणि सुतार यांना एकत्र बसवलं आणि प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारला: याच्या आधी काय? त्यांची उत्तरं मी रकान्यात भरत गेलो. त्या घराचा स्लॅबही पावसाने लांबला. पण या वेळी खालच्या सगळ्या पट्ट्या आपोआप पुढे सरकल्या, आणि रंगाऱ्याला नवी तारीख त्याच संध्याकाळी कळवता आली.