शेवटचा रकाना

बँकेच्या नोकरीत माणसे पुष्कळ पाहिली. पण एक खातेदार अजून मनातून जात नाही. तालुक्याच्या गावी आमच्या शाखेत ते येत. गवंड्याच्या हाताखाली विटा उचलण्यापासून सुरुवात करून कंत्राटदार झालेले. विटेवर वीट वाजवून ती किती भाजली आहे, हे आवाजावरून सांगत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. १९९४ च्या सुमारास अण्णांना एकदम तीन सरकारी कामे मिळाली. त्यांनी शाखेत पेढे वाटले. मीही खाल्ला आणि त्यांची कर्जमर्यादा वाढवण्याची शिफारस केली. दोन वर्षांत खाते थकले. तारण ठेवलेले घर गेले.

काम वाईट नव्हते. त्यांनी बांधलेली शाळा आजही उभी आहे. मग अण्णा बुडाले कसे?

हिशेब साधा आहे. समजा, महिन्याला १० लाखांचे काम होते आणि त्याला खर्च ९ लाख. बिलाचे पैसे हाती यायला तीन महिने. म्हणजे २७ लाख रुपये कायम बाहेर अडकलेले. बिलातून कापली जाणारी अनामत वेगळीच. काम तिप्पट झाले की हा आकडा ८१ लाखांवर जातो. नफा मात्र महिन्याला तीन लाख, तोही कागदावर. बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार कागदाने भागत नाही. धंदा बसला म्हणून नव्हे, धंदा वाढला म्हणून अण्णा बुडाले.

त्यांचा मुलगा स्थापत्य अभियंता झाला. चार वर्षे दुसऱ्यांच्या साइटवर राबला आणि मग बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला गेला. अण्णा म्हणाले, "आता पुन्हा शाळा कशाला? स्लॅब काय वहीत टाकायचाय?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. वालचंद हिराचंद पदवी न घेता कंत्राटदारीत उतरले, तेही रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटकांना भागीदार घेऊन. पण असा वकूब शंभरात एकाचा. उरलेल्या नव्व्याण्णवांनी शिकून घ्यावे, हे बरे. बांधकाम उद्योगाने १९८३ साली 'निकमार' ही संस्था उभी केली ती याच गरजेतून. पुण्यात तिचे मोठे संकुल आहे. अशा अभ्यासात वीट ओळखायला शिकवत नाहीत. करारातले भाववाढीचे कलम वाचायला शिकवतात, कोणते काम एक दिवस लांबले तर सगळी इमारत लांबेल, हे शोधायला शिकवतात आणि पैसा कधी जाणार, कधी येणार, हे महिन्यामहिन्याने मांडायला लावतात. साइटवर घाम गाळून मग वर्गात बसलेल्याला यातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटते.

आता तर पर्यायही उरलेला नाही. पूर्वी एका इमारतीच्या ग्राहकांचा पैसा बिल्डर दुसऱ्या जमिनीत घालत आणि पहिले ग्राहक भाड्याच्या घरात वाट पाहत बसत. २०१६ च्या 'रेरा' कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात; काम जेवढे झाले, त्या प्रमाणात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यावरच ते काढता येतात. एकाची टोपी दुसऱ्याला घालणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे.

मध्यंतरी त्या मुलाच्या कार्यालयात गेलो होतो. टेबलावर एका मोठ्या निविदेचा तक्ता होता. "काका, हे काम सोडलं," तो म्हणाला. "नफा चांगला आहे, पण हा शेवटचा रकाना बघा." रकान्यावर लिहिले होते : पैसे हाती येण्याचा महिना.

मला माझी ती शिफारस आठवली. घराचा उतारा, जामीनदार, मागच्या वर्षाचा नफा – सगळे रकाने मी नीट भरले होते. हा रकाना त्यात नव्हता. वाणिज्य शाखेची पदवी माझ्यापाशी होती, विटेची पारख अण्णांपाशी. पण पैसे कधी येणार, हे आम्हा दोघांपैकी कोणीच विचारले नाही.