डिझेल ट्रकचें तेल : त्याची वाट आणि तिची राखण

कसारा घाटांत मध्यरात्रीं भाजीपाल्यानें भरलेला एखादा ट्रक अडतो. टाकींत तेल भरपूर असतें, बॅटरी जोमदार असते, स्टार्टर इंजिनास गरगरां फिरवितो; पण इंजिन कांहीं केल्या पेट घेत नाहीं. उजाडतां उजाडतां मालाची कळा जाते, नाशिककडच्या शेतकऱ्याचा भाव बुडतो, आणि मुंबईंत ज्या घरीं त्यांतली मेथीची जुडी पोंचते तेथें ती अशी सुकलेली कां, याचा पत्ता कोणास लागत नाहीं. अशा प्रसंगीं दोष बहुधा इंजिनाच्या अवजड अंगांत नसतो. टाकीपासून सिलिंडरपर्यंत तेल ज्या वाटेनें जातें, त्या वाटेंत तो कोठें तरी दडलेला असतो.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी टाकून मिश्रण पेटवितात. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहींच. सिलिंडरांत केवळ हवा ओढून घेतात व ती पंधरा ते वीस पट दाबतात; सायकलला हवा भरतांना पंपाच्या तळाशीं हाताला जी ऊब लागते तिचेंच हें प्रचंड रूप होय. हवेचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर चढतें, आणि नेमक्या त्या क्षणीं तेलाचा सूक्ष्म तुषार आंत सोडला कीं तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रविशारदानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें, तेव्हां तेल आंत फुंकण्यास दाबलेली हवा लागे, आणि ती दाबणारें यंत्र इतकें बोजड असे कीं तें रस्त्यावरच्या गाडीस परवडण्यासारखें नव्हतें. १९२७ सालीं स्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतून तेलाचा आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागला, व तेव्हांपासून डिझेल ट्रक रस्त्यावर खरा रुळला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९५४ सालीं जमशेटपुरास टाटांनीं मर्सिडीझ-बेन्झच्या सहकार्यानें जे ट्रक बांधावयास घेतले, त्यांच्या पोटांतही याच घराण्याचा पंप होता.

या पंपाची नजाकत सोनाराच्या कांट्यालाही लाजविणारी आहे. सहा सिलिंडरांचें इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडरास सेकंदाला वीस वेळां तेल पोंचवावें लागतें, आणि प्रत्येक खेपेचें तेल मसुराच्या दाण्याहून फारसें मोठें नसतें. हें मापून देणारा दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनतीन पट एवढीच. माणसाचा केस तिच्यापुढें दोरखंड वाटावा! या फटींत वंगण म्हणून निराळें कांहीं घालीत नाहींत, डिझेल हेंच तेथलें वंगण. म्हणूनच त्यांत मिसळलेलें पाणी किंवा धूळ हा केवळ मळ नव्हे, तर पंपाचा मृत्यु होय.

पाणी येतें कोठून? पुष्कळदां तें हवेंतूनच येतें. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली कीं गारव्यानें आंतील बाष्प पत्र्यावर थिजतें व थेंब तळाशीं उतरतात. यासाठीं जाणते ड्रायव्हर मुक्कामावर पोंचल्यावर, निजण्यापूर्वीं, टाकी भरून घेतात; सकाळीं भरूं म्हणणारा पावसाळ्यांत हमखास पस्तावतो. पाणी तेलाहून जड असल्यामुळें टाकीच्या बुडाचा नट व गाळणीखालचा स्क्रू सैल केला कीं तें आधीं बाहेर पडतें. हें काम पांच मिनिटांचें आहे, आणि तरीही तेंच सर्वांत अधिक टाळलें जातें. पाणी फार दिवस सांचून राहिल्यास पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर गाळणी बुजवून टाकतो. गाळणी धुऊन पुन्हां घालण्याची काटकसर तर खोटीच. कागदी गाळणी ठरलेल्या मुदतींत बदललीच पाहिजे.

हवेचा उपद्रव निराळा. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. वाटेंत एक बुडबुडा शिरला कीं दट्ट्याचा सारा जोर त्याला चेपण्यांत खर्च होतो व नोझल उघडतच नाहीं. मिस्त्री म्हणतात, गाडीनें एअर धरली. घाटांतला तो ट्रक बहुधा याच व्याधीनें अडलेला असतो. गाळणीवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावें. प्रथम फेंस येतो, मग निखळ तेल वाहूं लागतें, त्या वेळीं स्क्रू आंवळावा. मात्र हवा कोणत्या सांध्यांतून शिरली तें शोधलें नाहीं, तर पुढच्या चढणीवर हाच प्रकार पुन्हां घडतो.

आतां नोझलाची परीक्षा. धुराड्याचा रंग प्रथम साक्ष देतो : काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें तेल जास्त, पांढरा म्हणजे न जळलेलें तेल, निळा म्हणजे वंगण जळत आहे. नंतर नोझल काढून परीक्षकयंत्रावर चढवितात. दांडा दाबतां दाबतां घड्याळाचा कांटा चढतो, आणि ठराविक दाबास, जुन्या इंजिनांत बहुधा दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास, नोझल करकरत उघडून सारखा, बारीक तुषार सोडतें. तुषाराऐवजीं धार आली तर नोझल नापास. पुढें दाब उघडण्याच्या आंकड्याहून २० नें कमी ठेवून दहा सेकंद वाट पाहावी. टोंकाशीं थेंब लोंबला तर सुई नीट बसत नाहीं असें समजावें. पंपाचें माप मात्र रस्त्यावर जुळवूं नये. तें काम कॅलिब्रेशनच्या टेबलावर, कांचेच्या मापनळ्यांत प्रत्येक सिलिंडरचें तेल मोजूनच होतें.

२०२० च्या एप्रिलपासून भारतांत भारत-६ नियम लागू झाल्यावर निघालेल्या ट्रकांत ही वाट संगणकाच्या हातीं गेली असून तेथील दाब जुन्याच्या आठ-दहा पट असतो. जुन्या इंजिनावर मिस्त्री एकेक नळीचा नट चालत्या गाडींत सैल करून आजारी सिलिंडर हुडकीत. नव्या इंजिनावर तीच युक्ति प्राणावर बेततें. तुषार जुना असो वा नवा, तो कातडी भेदून आंत जातो. बोटावर टांचणी टोंचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाहीं, आणि कांहीं तासांत हात सुजून बोट कापण्याची पाळी येते. म्हणून परीक्षा चालू असतां तुषारापुढें हात कधींही धरूं नये, गळती बोटानें न चांचपतां पुठ्ठ्याच्या तुकड्यानें पाहावी, आणि तरीही तसें घडलेंच तर घरगुती मलमांत वेळ न दवडितां थेट शस्त्रवैद्याकडे जाऊन, आंत डिझेल दाबानें शिरलें आहे, हें त्यास पहिल्या वाक्यांत सांगावें.