हातपंप कुठे बसवायचा? ख्रिस्ती श्रद्धा आणि गावाचे आरोग्य

ख्रिस्ती धर्मात आजाऱ्याच्या सेवेला उपासनेइतकेच मोल आहे. शुभवर्तमानांत येशूच्या उपदेशाच्या जोडीने रोग बरे केल्याचे प्रसंग पुन्हापुन्हा येतात. ज्याची सावलीही लोक टाळत अशा कुष्ठरोग्याला तो हात लावतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यात जखमी होऊन पडलेल्या माणसाला याजक बघून पुढे निघून जातो, आणि हलका मानला गेलेला परका वाटसरू मात्र त्याची मलमपट्टी करून पदरच्या पैशाने त्याची उतरण्याची सोय करतो. याच शिकवणुकीतून युरोपातल्या मठांची शुश्रूषागृहे उभी राहिली आणि पुढे मिशनरी दवाखाने जगभर पोहोचले.

भारतातली त्याची ठळक उदाहरणे म्हणजे मिरज आणि वेल्लोर. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेचे रुग्णालय १८९४ साली सुरू झाले. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर 'मिरजेला नेणे' म्हणजे मोठ्या उपचाराला नेणे, असा अर्थच रूढ झाला. आयडा स्कडर यांनी १९०० साली वेल्लोरला छोटा दवाखाना काढला आणि १९१८ मध्ये तिथे मुलींना वैद्यकीय शिक्षण देण्यास सुरुवात केली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या रचनेत एक उणीव होती. रुग्ण दारात आला तर उपचार होत. जो येऊच शकत नाही, तो हिशेबाबाहेर राही.

ही उणीव चर्चच्याच माणसांनी बोलून दाखवली. १९६४ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात चर्चच्या वैद्यकीय कार्याचा विचार करायला एक बैठक भरली. आरोग्यदान ही एकट्या डॉक्टर-नर्सची जबाबदारी नसून सगळ्या ख्रिस्तमंडळीची आहे, असे तिथे ठरले. १९६८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने जिनिव्हात ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन केला. चर्चचे सुमारे ९५ टक्के वैद्यकीय काम रुग्णालयातल्या उपचारांतच गुंतले आहे आणि त्याचा खर्च वाढतच चालला आहे, हे चित्र या आयोगापुढे होते. श्रद्धा गोरगरिबांची आणि इमारत मात्र शहरातली, ही विसंगती झाकण्यासारखी नव्हती.

तिला उत्तर कसे देता येते, याचा सर्वांत बोलका नमुना महाराष्ट्रातच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातले, डॉ. मेबल जबलपूरच्या, ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांच्या कन्या. दोघेही वेल्लोरला शिकले आणि खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचे असे ठरवूनच त्यांनी लग्न केले. आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने, त्याच कुपोषणाने परत येते. मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका दुष्काळी, बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरचा. पहिला दवाखाना भरला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्यात.

लोकांशी बोलताना कळले की त्यांच्या यादीत डॉक्टर बराच खाली आहे. वर आहे पाणी आणि भाकरी. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. प्रकल्पाने कूपनलिका खणायला घेतल्या, आणि त्या शक्यतो दलित वस्तीत खणल्या जातील असे पाहिले. पाणी हवे तर गावाला तिथे यावे लागे. ज्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीपासून दूर उभे राहावे लागे, त्याच वस्तीत आता सगळ्या जातींच्या घागरी रांगेला लागल्या. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, ही बायबलची शिकवण व्यासपीठावरून सांगणे सोपे. तिच्यावरून हातपंपाची जागा ठरवणे अवघड. जामखेडच्या कामात सर्वांत ख्रिस्ती काही असेल तर ते हेच.

गावात राहायला प्रशिक्षित नर्स तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. तिची निवड गावाने करायची. अशा सेविकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत आणि रात्री शेजारी झोपत; जातीचा विटाळ आधी तिथेच सुटे. शिकायचे ते रोजच्या उपयोगाचे: जुलाब लागलेल्या मुलाला साखर-मीठ-पाणी कसे पाजायचे, बाळाची नाळ स्वच्छ पात्याने कशी कापायची, अंगावरचा चट्टा बधिर आहे का हे कसे तपासायचे. कुष्ठरोग ओळखण्याचा हा शेवटचा धडा विशेष महत्त्वाचा होता. चर्चने कुष्ठरोग्यांसाठी पूर्वी गावाबाहेर आश्रम बांधले; जामखेडने रुग्णाला घरीच ठेवून, लवकर ओळखून गोळ्या सुरू केल्या.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि १९९३ मध्ये १९ वर. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधी, १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातून चाललेल्या आरोग्यकार्याचे जे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. तिथून १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातील प्राथमिक आरोग्यसेवेच्या कल्पनेपर्यंतच्या प्रवासात जिनिव्हातल्या त्या ख्रिस्ती आयोगाचाही वाटा होता. गावातलीच बाई आरोग्य सांभाळू शकते, हे तत्त्व सरकारने 'आशा' योजनेत २००५ मध्ये आणले.

श्रद्धेच्या बळावर चाललेल्या कामाला धोकेही असतात, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गोळीमागून धर्मांतर येईल ही शंका लोकांच्या मनात असते. ती निराधार ठरवायची तर औषधाला कोणतीही अट नको. जामखेडच्या सेविका वेगवेगळ्या जातीधर्मांच्या होत्या, हेच त्या शंकेला दिलेले चांगले उत्तर. दुसरा दोष जास्त सूक्ष्म आहे. देणारा वर आणि घेणारा खाली राहिला, तर सेवा कितीही प्रेमाची असो, गाव परावलंबी होते. शिवाय नुसती प्रार्थना सांगून उपचार लांबवणे हा तर अपराधच. वेल्लोर-मिरजेच्या परंपरेत त्याला थारा नाही. आणि जामखेडसारखे यश दोन असामान्य व्यक्तींवर टेकलेले असते, त्यामुळे त्याची नक्कल दुसरीकडे सहज होत नाही, ही टीकाही खरी आहे.

तरीही ज्या मंडळीकडे ना रुग्णालय आहे ना निधी, तिलाही करण्यासारखे पुष्कळ आहे. क्षयरोगावरच्या गोळ्या साधारणपणे सहा महिने रोज घ्याव्या लागतात, आणि जरा बरे वाटले की त्या सोडून देणारे अनेक असतात. अशा रुग्णाच्या घरी आठवड्याला कुणी चौकशीला गेले, तर उपचार पुरा होण्याची शक्यता वाढते. २०२२ पासून चालू असलेल्या निक्षय मित्र योजनेत कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा धार्मिक मंडळ नाव नोंदवून क्षयरुग्णाच्या पोषण आहाराची जबाबदारी घेऊ शकते. रुग्णाचा धर्म त्यात विचारला जात नाही, आणि जबाबदारी घेणारा डॉक्टर असावा लागत नाही.