हिंजवडीची शेते

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात हिंजवडी गाव आहे. पूर्वी तेथे शेती होती. १९९० नंतरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने तेथे जमिनी घेऊन संगणक कंपन्यांची वसाहत उभारली.

भारतात दिवस असतो, तेव्हा अमेरिकेत रात्र असते. तिकडे सायंकाळी उरलेले काम येथे सकाळी हाती घेता येते, तेही कमी खर्चात. म्हणून या कंपन्या वाढल्या.

देशभरातून तरुण अभियंते आले. त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या, जेवायला खानावळी हव्या होत्या. थोडी जागा उरलेल्या शेतकऱ्यांनी खोल्या बांधल्या आणि त्यांना भाडे मिळू लागले.

शेतमजुरांचे काय? जमीन त्यांची नव्हती, म्हणून मोबदला नाही. शेत गेले, तशी मजुरीही गेली. काहीजण त्याच कंपन्यांच्या फाटकावर पहारेकरी झाले.