एका वाक्यात दोन भाषा

शाळा सुटण्याच्या सुमारास बेळगावच्या बाजारात घटकाभर उभे राहावे. एखादा मुलगा सोबत्याशी मराठीत गप्पा मारीत येतो, पेरूवालीला ‘एष्टु?’ म्हणून कन्नडात भाव विचारतो, मित्राकडे वळून ‘फार महाग आहे रे’ म्हणतो आणि तिला ‘बेडा’, म्हणजे ‘नको’, असे सांगून चालू लागतो. एवढ्या अवकाशात त्याने तीनदा भाषा बदलली. पण त्याला विचाराल तर ते त्याच्या ध्यानीमनीही नसते.

वडील मंडळींना ही सरमिसळ रुचत नाही. ‘धड ना मराठी, धड ना कन्नड’ हा शेरा मीही वर्गात पुष्कळदा मारला आहे. त्यानंतर एका मुलाने महिनाभर तोंडच उघडले नाही, तेव्हा मला या विषयाकडे नीट पाहणे भाग पडले.

न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन लोक स्पॅनिश व इंग्रजी एकाच दमात बोलतात. त्यांच्या बोलण्याचा अभ्यास शॅना पॉपलॅक या विदुषीने १९८० साली प्रसिद्ध केला. भाषा वाटेल तेथे बदलत नाही. दोन्ही भाषांचा शब्दक्रम जेथे जुळतो, तेथेच बहुधा सांधा बदलतो, असे त्यांत दिसून आले. शिवाय वाक्याच्या मध्यावर सफाईने भाषा बदलणारे लोक दोन्ही भाषा उत्तम जाणणारे निघाले. म्हणजे माझा शेरा नेमका उलटा होता!

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ‘मी उद्या घरी जाईन’ हे पुस्तकी कन्नडात ‘नानु नाळे मनेगे होगुत्तेने’ असे होते. शब्दास शब्द लावून पाहा, क्रम तंतोतंत तोच. इंग्रजीत मात्र ‘जाईन’ आधी येते आणि ‘उद्या’ शेवटी. म्हणून कन्नड व मराठी यांच्यात जा-ये सोपी. इंग्रजीचे शब्द आपण घेतो, पण व्याकरण आपलेच चालवितो : ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर टेबल’ कोणी म्हणत नाही, ‘फोन’ घेतला तरी पुढे ‘करणे’ हवेच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे तर मराठी, कन्नड व उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्याने त्यांची वाक्यरचना जवळजवळ एकच झाली, शब्द तेवढे वेगळे राहिले, असे गम्पर्झ व विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले.

भाषा बदलण्यास नेहमी माणूसच बदलावे लागते असेही नाही. नॉर्वेतील हेम्नेसबर्गेट गावच्या कचेरीत लोक घरची विचारपूस स्थानिक बोलीत करीत आणि कामाचे बोलणे निघताच त्याच कारकुनाशी प्रमाणभाषेत बोलू लागत. ब्लोम व गम्पर्झ यांचे हे निरीक्षण १९७२ सालचे आहे. आपल्या घरांतही याहून निराळे काय घडते?

मनात काय चालते, हे अधिक नवलाचे. परभाषेतून स्वभाषेत परतणे सोपे असणार, असे कोणासही वाटेल. १९९९ साली म्यूटर व ऑलपोर्ट यांनी द्विभाषिकांना पडद्यावरील आकडे कधी एका, कधी दुसऱ्या भाषेत वाचावयास लावले. अधिक मुरलेल्या भाषेकडे परतण्यासच जास्त वेळ लागला! कारण असे सांगतात की, कच्ची भाषा बोलताना पक्की भाषा जोराने दाबून धरावी लागते, आणि तो दाब लगेच उतरत नाही. दोन्ही भाषा सारख्याच अवगत असणाऱ्यांत हा फरक आढळत नाही, असे २००४ सालच्या प्रयोगात दिसले. बाजारातला आपला मुलगा बहुधा याच पंक्तीतला.

वर्गातला तो मुलगा आता बोलतो, आणि अडला की खुशाल कन्नड शब्द वापरतो. निबंधात तसा शब्द आला की माझी तांबडी शाई मात्र अजून उमटते. लेखनाची गोष्ट निराळी, हे माझे मत काही बदललेले नाही.