लढाई लागली की बोलायचं नाही का?

मैत्रिणींनो, मागच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "लढाई लागली की सरकारविरुद्ध बोलायला बंदी असते का हो?" याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही.

संविधानाच्या कलम १९ मध्ये बोलण्याचा, शांतपणे सभा घेण्याचा, संघटना बांधण्याचा हक्क आहे. आपला गटही त्याच हक्कावर उभा आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमण झालं, तर राष्ट्रपती कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर करू शकतात. मग कलम १९ चं संरक्षण तेवढ्या काळापुरतं बाजूला राहतं, आणि एरवी टिकले नसते असे कडक कायदे सरकार करू शकतं. पण कायदा हवाच. साहेबांच्या मनात आलं म्हणून बंदी, असं तेव्हाही चालत नाही.

याची एक गोष्ट मुंबईतलीच आहे. चीनने हल्ला केल्यावर २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी लागली. भारत संरक्षण नियमांखाली कित्येकांना खटला न चालवता तुरुंगात ठेवलं. त्यांत प्रभाकर पांडुरंग संझगिरी होते. त्यांनी आत बसून मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. निव्वळ विज्ञानाचं! ते छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर राज्य सरकारने नकार दिला. ते उच्च न्यायालयात जिंकले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. निकाल लागला ६ सप्टेंबर १९६५ ला, म्हणजे आपलं सैन्य लाहोरच्या बाजूने सीमा ओलांडत होतं त्याच दिवशी. कोर्टाने सांगितलं, स्थानबद्ध माणसाने पुस्तक बाहेर पाठवू नये असं नियमात कुठंच लिहिलेलं नाही, तेव्हा अडवता येणार नाही. सरकारचं अपील फेटाळलं.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणखी कुंपण घातलं. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. मंत्रिमंडळाने लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती आणीबाणी जाहीर करू शकत नाहीत. संसदेची मंजुरी एका महिन्यात लागते, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते.

ही सहा महिन्यांची अट किती मोलाची, ते १९६२ वरून कळतं. चीनशी लढाई महिनाभरात थांबली होती. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये.